ताब्याची तारीख आणि पायाची खोली: घर विकून घर बांधणाऱ्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कुटुंब पाच जणांचं. चाळिशीतले पती-पत्नी, शाळेत जाणारी दोन मुलं आणि पतीची आई. राहतं घर दुमजली, आजी आणि मुलगा यांच्या जोडनावावर. झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर, न्हाणीघर एकच आणि तेही वर. आजींच्या गुडघ्यांनी जिना नको म्हणायला सुरुवात केली तेव्हा घराचा विषय निघाला.

आधी जुन्या घरातच खाली न्हाणीघर आणि एक खोली काढता येईल का, हे पाहून झालं. मागची जागा अपुरी पडत होती. तयार घरं पाहिली. ज्यात तळमजल्यावर धड खोली होती ती आवाक्याबाहेरची, जी आवाक्यात होती त्यांत पुन्हा जिनाच. बरीच वर्षं आधी घेऊन ठेवलेला एक मोकळा प्लॉट होता. शेवटी ठरलं, जुनं घर विकायचं आणि प्लॉटवर तळमजला अधिक एक मजला असं घर बांधायचं. पैशांचा मोठा वाटा विक्रीतून यायचा होता, उरलेला गृहकर्जातून आणि थोडा शिलकीतून.

मी या प्रकरणात स्ट्रक्चरल सल्लागार म्हणून आलो तो खोदाई थांबल्यानंतर. त्याआधीचं इथे जे आहे ते कागदपत्रांवरून आणि घरच्यांच्या सांगण्यावरून. ओळख पटू नये म्हणून माणसांचे तपशील बदलले आहेत. माती, मापं आणि व्यवहाराचा क्रम बदललेला नाही.

पहिला निर्णय: साठेखत

खरेदीदार लवकर मिळाला आणि चांगला मिळाला. घासाघीस फारशी नाही, निम्म्याहून अधिक रक्कम हातात तयार, बाकीचं कर्ज मंजूर होण्यासारखं. त्याची एकच अट होती: आठ महिन्यांत खरेदीखत आणि त्याच दिवशी रिकाम्या घराचा ताबा. उशीर झाला तर दर दिवसामागे दंड. इसार म्हणून किमतीचा दहावा हिस्सा देऊन साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, झालं.

आठ महिने हा आकडा आला कुठून? ठेकेदाराने सांगितलं होतं, "दादा, नकाशा हातात आला की सहा महिन्यांत चावी देतो." नकाशाच्या मंजुरीला दोन महिने धरले. झाले आठ. या हिशेबात प्लॉटवरची माती कुठेच नव्हती, कारण तोवर तिथे कुणी पहारसुद्धा मारली नव्हती. आर्किटेक्टच्या नकाशात पाया पाच फूट खोल, प्रत्येक कॉलमखाली वेगळं फुटिंग (काँक्रीटची रुंद बैठक) असा दाखवला होता आणि खाली बारीक अक्षरांत टीप होती: 'प्रत्यक्ष जमिनीनुसार बदल संभवतो'. ठेकेदाराचा करार एकरकमी होता. त्यात पाया पाच फुटांचाच धरलेला, त्यापुढे काय याबद्दल एक ओळही नाही.

साठेखत करताना वकील होता, त्याने मालकीचे कागद नीट तपासले. ताब्याची तारीख मात्र त्याच्या दृष्टीने पक्षकारांनी आपसात ठरवायची बाब होती, आणि पक्षकारांनी ती ठेकेदाराच्या शब्दावर ठरवली. मला विचाराल तर सगळ्या व्यवहारातला सर्वांत जड निर्णय हाच होता, आणि तो निर्णय आहे हे त्या वेळी कुणाच्या गावीही नव्हतं.

खड्ड्यात काय दिसलं

तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला आखणी होऊन खोदाई सुरू झाली. पहिले चार खड्डे पाच फुटांवर गेले तरी माती तीच: काळपट, वाळली की दगडासारखी, ओली झाली की फावड्याला चिकटून बसणारी. खड्ड्याच्या भिंतीत उभ्या भेगा दिसत होत्या. वर बोट जाईल इतक्या रुंद, खाली निमुळत्या होत गेलेल्या, आणि काही तर खड्ड्याच्या तळाशीही संपलेल्या नव्हत्या. शेजारच्या प्लॉटची कुंपणभिंत एका बाजूला कलली होती आणि विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यांसारखा तडा वर चढत गेला होता.

ठेकेदाराला यात नवं काही वाटलं नाही. "अजून दोन फूट खाली जाऊ, वर मुरूम टाकू, दगडांचं सोलिंग करू. इकडे सगळे असंच करतात, वहिनी." पत्नी हिशेबाच्या कामातल्या. त्यांनी सरळ विचारलं, "किती खाली गेल्यावर माती बदलते?" ठेकेदाराला माहीत नव्हतं. आर्किटेक्टला फोन लावला, त्यालाही नव्हतं. त्या संध्याकाळी पत्नींनी काम थांबवलं. पतींना ते पटलेलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर दिवसाचा दंड होता.

मी गेल्यावर प्लॉटच्या तीन ठिकाणी बोअर, म्हणजे मातीचे नमुने काढायची खोल भोकं, घ्यायला लावले. काळी माती सुमारे चार मीटरपर्यंत होती. त्याखाली पिवळट, कडक, मुरूममिश्रित थर. त्या हंगामात भूजल लागलं नाही. काळ्या मातीचे नमुने प्रयोगशाळेत गेले.

यातली एक चाचणी इतकी साधी आहे की घरच्यांना ती दाखवावी म्हणून मी पती-पत्नींना सोबत नेलं. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली माती, १०-१० ग्रॅम, काचेच्या दोन नळ्यांत घालतात. प्रत्येक नळी १०० मिलिलीटरची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. हवेचे बुडबुडे काढून २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक म्हणजे मातीची फुगण्याची ओढ. दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या नळीत माती १० मिलिलीटरच्या खुणेवर बसली होती आणि पाण्याच्या नळीत १६ वर. म्हणजे फरक ६० टक्के. ५० च्या वर गेलं की माती घराला त्रास देणारी धरतात. पती बराच वेळ त्या दोन नळ्यांकडे बघत राहिले. त्यानंतर दंडाचा विषय त्यांनी निदान माझ्यासमोर काढला नाही.

या मातीतल्या खनिजाचे थर पापुद्र्यांसारखे एकावर एक असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं. पाऊस पडला की जमीन वर उचलली जाते, उन्हाळ्यात आक्रसून खाली बसते. अशी माती ऑस्ट्रेलियात आहे, टेक्सासमध्ये आहे, सुदानमध्ये आहे आणि सगळीकडे तिने घरांना तडे दिले आहेत. लोक विचारतात, "वजन पेलेल ना जमीन?" वजन ती पेलते, प्रश्न तिच्या हालण्याचा आहे. आणि इथे आपला अंदाज उलटा पडतो. छोटं घर आहे, हलकं आहे, साधा पाया चालेल असं वाटतं. प्रत्यक्षात फुगणारी माती जड इमारतीपेक्षा हलक्या घराला सहज उचलते. त्यातही घराच्या मधोमध असलेली माती झाकलेली असल्याने ओलावा बऱ्यापैकी स्थिर राहतो, कडेची माती मात्र दर ऋतूत ओली-कोरडी होते. म्हणून कोपरे हलतात, मध्य हलत नाही, आणि तडे दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे जातात.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ठेकेदाराचा: सात फूट खोली, मुरूम, सोलिंग. सर्वांत स्वस्त आणि वेळही वाचवणारा. पण सात फूट म्हणजे दोन मीटरच्या जरा पुढे. अशा खोल काळ्या मातीत ऋतूंप्रमाणे ओलावा बदलण्याचा पट्टा साधारण साडेतीन मीटरपर्यंत जातो. म्हणजे फुटिंग हलणाऱ्या पट्ट्यातच बसणार. शिवाय चिकणमातीत खणलेला खड्डा सच्छिद्र मुरमाने भरला की त्यात पाणी साचून राहतं आणि नेमकं फुटिंगच्या खाली मुरतं. मी स्पष्ट नाही म्हटलं.

दुसरा पर्याय माती बदलण्याचा. वरचा थर काढून त्या जागी न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे मीटरभर थर दाबून भरायचा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी या पद्धतीवर मोठं काम केलेलं आहे, कालव्यांच्या कामांत ती वापरली गेली. वाळू किंवा नुसता मुरूम इथे चालत नाही, माती चिकटच हवी, आणि ती थराथराने दाबून प्रत्येक थराची तपासणी हवी. योग्य माती जवळपास मिळेल याची खात्री नव्हती आणि दाबाईवर लक्ष ठेवणारं माणूस नव्हतं.

तिसरा, सबंध घराखाली एकसंध जाड राफ्ट, म्हणजे काँक्रीटचा सलग तळ. लोखंड आणि काँक्रीट दोन्ही भरपूर. करता आलं असतं, पण कडेचं उचलणं सहन करायला राफ्ट इतका ताठ करावा लागत होता की खर्च पुढच्या पर्यायातल्या पाइलच्याही पुढे जात होता.

चौथा, अंडर-रीम्ड पाइल. जमिनीत भोक पाडून तळाशी ते रुंद करायचं, म्हणजे काँक्रीटच्या खांबाला खाली फुगवटा येतो. तो फुगवटा स्थिर थरात अडकून बसतो आणि वरची माती फुगली तरी खांबाला ओढून वर नेऊ शकत नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने ही पद्धत छोट्या घरांनाही परवडेल अशा रूपात आणली. इथे ३०० मिमी व्यासाचे, पाच मीटर लांबीचे पाइल आणि व्यासाच्या अडीच पट, म्हणजे ७५० मिमीचा फुगवटा, असा हिशेब बसला.

पाचवा पर्याय आजींनी मांडला: हा प्लॉटच विकून टाका आणि मिळेल ते तयार घर घ्या. तो चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हता. पण प्लॉट घाईत विकला तर भाव पडणार आणि माती कशी आहे हे घेणाऱ्याला सांगावं लागणार. सांगायचं नाही, असाही सूर घरात एकदा निघाला. पत्नींनी तो तिथेच मिटवला.

तांत्रिकदृष्ट्या चौथा पर्याय उघड होता. मग अडलं कुठे? दोन ठिकाणी. पाइलची वेगळी टोळी, तिची वाट पाहणं, नवं डिझाइन हे सगळं धरता काम अडीच-तीन महिने पुढे जात होतं. आणि पैसे: बँक बांधकामाचं कर्ज टप्प्याटप्प्याने देते, आणि त्यांच्या बँकेच्या यादीतला पहिला टप्पा होता 'जोत्यापर्यंत काम पूर्ण'. पाइल जोत्याच्या खाली. म्हणजे सर्वांत महागडं झालेलं काम कर्जाचा एक रुपयाही हातात नसताना पूर्ण करायचं. इसार आणि शिल्लक मिळून पाच फुटांच्या पायाला पुरली असती, पाइलला पुरत नव्हती. विक्रीची उरलेली रक्कम आठव्या महिन्यात, ताबा दिल्यावर.

पाया किती खोल घ्यायचा हे माती ठरवते असं आम्ही शिकतो. इथे ते जुन्या घराचं साठेखत ठरवू पाहत होतं.

तोडगा: खरेदीखत आधी, ताबा नंतर

पतींचा पहिला विचार होता खरेदीदाराकडून तीन महिने वाढवून घेण्याचा. सगळंच तीन महिने पुढे, खरेदीखतही आणि ताबाही. दुसरा विचार, ठरल्या दिवशी ताबा द्यायचा आणि भाड्याने राहायचं. भाडं म्हणजे वाया गेलेला पैसा, हे घरात इतकं पक्कं होतं की त्याची बेरीज कुणी मांडलीच नव्हती. पत्नींनी मांडली, तर पाइलमुळे वाढलेल्या खर्चाच्या मानाने ती बरीच लहान निघाली. पण आजींना घेऊन दोनदा घर हलवायचं, मुलांची परीक्षा मध्येच, या गोष्टी बेरजेत येत नाहीत. आणि या दोन्ही मार्गांनी मूळ अडचण सुटत नव्हती: पाइलसाठी पैसे चौथ्या महिन्यात हवे होते.

बोलता बोलता लक्षात आलं की खरेदीखत आणि ताबा एकाच दिवशी व्हायला हवेत असा काही नियम नाही. साठेखतात तसं लिहिलं म्हणून ते जोडलेले. एक अलीकडे ओढून दुसरा पलीकडे ढकलता आला तर?

खरेदीदाराकडे पती एकटे गेले नाहीत, पत्नीही गेल्या आणि मातीचा अहवाल सोबत नेला. खरेदीदाराच्या बोलण्यातून त्याची खरी धास्ती कळली. घर लगेच हवं अशी त्याची निकड नव्हती, तो भावाच्या घरात राहत होता. भाव चढले तर विकणारा फिरेल, ही त्याची भीती. खरेदीखत लवकर होत असेल तर ती भीतीच जात होती. त्याची अडचण वेगळी: खरेदीखत झालं की त्याच्या कर्जाचे हप्ते सुरू, आणि घर मात्र वापरायला नाही.

शेवटी पुरवणी करार झाला तो असा. खरेदीखत चौथ्या महिन्यात. किमतीचा दहावा हिस्सा खरेदीदाराने राखून ठेवायचा आणि ताब्याच्या दिवशी द्यायचा. ताबा अकराव्या महिन्याच्या अखेरीस. तोवर कुटुंबाने तिथे परवानगीने राहायचं आणि दरमहा एक रक्कम द्यायची, जी खरेदीदाराच्या हप्त्यातल्या व्याजाच्या जवळपास होती. दंडाचं कलम राहिलं, पण त्याला कमाल मर्यादा घातली.

सही करताना आजी म्हणाल्या, "आज सही केली की हे घर आपलं नाही, आणि ते घर अजून मातीत आहे." त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. धोका सगळा कुटुंबाच्या बाजूला सरकला होता. बांधकाम रखडलं असतं तर त्यांच्याकडे ना घर, ना घासाघीस करायला काही. हा धोका घेण्यासारखा ठरला तो एवढ्याचसाठी की पैसा हातात आल्यावर उरलेली कामं माहितीतली होती. अज्ञात गोष्ट होती ती जमीन, आणि ती एव्हाना तपासून झाली होती. बोअर घेतलेले नसताना हाच करार झाला असता तर मी त्याला वेडेपणा म्हटलं असतं.

पुरवणी करारात वीजबिल, पाणीपट्टी, दुरुस्ती कुणाची हे लिहिलं होतं: रोजची राहणाऱ्याची, मोठी मालकाची. तरी पाण्याच्या पंपाची मोटर जळाली तेव्हा ती रोजची की मोठी यावर दोन आठवडे गेले. निम्मा निम्मा खर्च होऊन मिटलं.

जमिनीखालचं काम

ठेकेदार नाराज होता. मजूर बसून राहिल्याची भरपाई त्याने मागितली, थोडी दिली. पायाचं काम करारातून वगळून मोजमापाप्रमाणे वेगळ्या टोळीला दिलं. जोत्यापासून वरचं काम त्याच्याकडेच ठेवलं. माणूस कामाला चांगला होता, फक्त जमीन त्याच्या अंदाजाबाहेरची निघाली.

पाइलच्या कामात दिसणारं काही नसतं, म्हणून त्याच दिवसांत साइटवर माणूस लागतं. फुगवटा जमिनीखाली पाच मीटरवर, डोळ्यांनी तपासता येत नाही. भोकाचा तळ रुंद करणाऱ्या हत्याराच्या दांड्यावर खूण करून ठेवायची. पाती पूर्ण उघडल्या की दांडा जितका खाली जायला हवा तितका गेला का, ते प्रत्येक भोकाला पाहायचं. तळाची सुटी माती काढायची, सळयांचा पिंजरा मधोमध उतरवायचा आणि त्याच दिवशी काँक्रीट ओतायचं. भोक रात्रभर उघडं ठेवायचं नाही. एका भोकाचा वरचा भाग ढासळला. ते तसंच भरून टाकू म्हणणाऱ्या मुकादमाला ते साफ करून पुन्हा घ्यायला लावलं.

पाइलवरून जाणाऱ्या बीमखाली ८० मिमी पोकळी सोडायची होती. माती फुगून वर आली की तिला जागा हवी, नाहीतर ती बीमलाच उचलते आणि पाइलचा सगळा खर्च पाण्यात. गवंड्यांना हे अजिबात पटेना. बीमखाली मोकळं? उंदीर शिरतील, साप शिरतील. एका संध्याकाळी आजींच्या खोलीच्या बाजूची पोकळी कुणीतरी मुरमाने छान ठासून भरली. कुणाचा वाईट हेतू नव्हता, काम नीट दिसावं म्हणूनच केलं. पत्नी रोज घरी जाताना मोबाइलवर फोटो काढत, त्यात ते दिसलं. दुसऱ्या दिवशी गजाने उकरून सगळं काढलं. बाहेरच्या बीमना ७५ मिमी जाडीची कड खाली जमिनीत उतरवून पोकळीचं तोंड बंद केलं, तेव्हा गवंड्यांचंही समाधान झालं.

पाण्याचा विचार वेगळा करावा लागला. मूळ नकाशात जमिनीखालची टाकी जिन्याला लागून होती. टाकी कधीतरी झिरपणार, आणि झिरपली की एकाच कोपऱ्याची माती फुगणार. ती कुंपणाकडे सरकवली. आर्किटेक्टला पुढची मोकळी जागा बिघडल्याचं दुःख झालं आणि त्यावर चर्चा पाइलपेक्षा जास्त लांबली. घराभोवती बाहेरच्या उताराची दीड मीटर फरसबंदी ठरली, सांडपाण्याच्या नळांना लवचीक सांधे.

कात्री कुठे लावली

पाइलने बजेट वाढलं ते कुठूनतरी भरून काढायचं होतं. पतींचं म्हणणं, पाइल फक्त तळमजल्यापुरते करू, वरचं पुढे बघू. हे बरोबर उलटं झालं असतं. पाया नंतर वाढवता येत नाही, मजला वाढवता येतो. म्हणून पाइल दोन्ही मजल्यांचे घेतले आणि वरचा मजलाच पुढे ढकलला. स्लॅबच्या वर कॉलमच्या सळया सोडून त्यांना सिमेंटचा पातळ गिलावा दिला, गंजू नयेत म्हणून. दर्शनी भागाची सजावट गेली. तळमजल्याची जमीन मात्र भरावावर न टेकवता बीमवर स्लॅब टाकून केली. त्यात काटकसर करू दिली नाही, कारण भिंती स्थिर आणि फरशी वर-खाली, असं घर आजींसाठी जिन्यापेक्षाही वाईट.

मुदत जवळ आली तशी घाई सुरू झाली. मोठ्या बीमचे टेकू नवव्या दिवशी काढून गिलावा सुरू करू, असं ठेकेदार म्हणाला. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू १४ दिवस ठेवायचे असतात. ठेवले.

निष्पत्ती

ताबा अकराव्या महिन्याच्या अखेरीस, ठरल्या तारखेला दिला. दंड लागला नाही, राखून ठेवलेली रक्कम त्याच दिवशी मिळाली. नव्या घरात ते राहायला गेले तेव्हा रंग बाकी होता आणि दोन खोल्यांना दारं नव्हती.

तेव्हापासून दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे गेले. भिंतींना तिरपे तडे नाहीत. जोत्यावर चार कोपऱ्यांत खुणा ठोकून दर ऋतूला लेव्हल घेतली जाते. फरक मोजमापाच्या चुकीइतकाच येतो. पुढच्या पायऱ्या साध्या पायावर आहेत. त्या पावसाळ्यात वर येतात, उन्हाळ्यात बसतात. त्यांच्यात आणि घरात मुद्दाम फट ठेवली होती, ती कधी अंगठ्याएवढी होते, कधी मिटते. कुंपणाचं लोखंडी दार पावसाळ्यात घासतं, म्हणून पती दरवर्षी बिजागऱ्यांशी खटपट करतात.

सगळंच नीट झालं असं नाही. शेवटच्या दोन महिन्यांच्या घाईत गिलावा पुरता वाळायच्या आत रंगाचा पहिला हात दिला गेला आणि न्हाणीघरामागच्या भिंतीचे पोपडे निघतात. आजींच्या पलंगाशी विजेचा पॉइंट राहिला. ज्यांच्यासाठी घर बांधलं त्यांच्याच खोलीत भिंतीवरून उघडी वायर गेली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

माती तपासायची योग्य वेळ साठेखताच्या आधीची होती. त्याहून चांगली, प्लॉट घेतानाची. बोअर घ्यायचे नसले तरी शेजारच्यांना एवढंच विचारायचं: तुमची दारं वर्षातून कोणत्या महिन्यात अडकतात? ऋतूप्रमाणे अडकत-सुटत असतील तर उत्तर मिळालं. कललेली कुंपणभिंत तर प्लॉट घेतला तेव्हाही तिथे होती.

ठेकेदाराच्या करारात पाच फुटांपुढच्या प्रत्येक फुटाचा दर आधी लिहून घेता आला असता. 'प्रत्यक्ष जमिनीनुसार' ही टीप नकाशात असेल तर पैशांच्या करारातही तिचं उत्तर हवं.

ताब्याची तारीख ठोक महिन्यांत न लिहिता टप्प्याशी बांधता आली असती, उदाहरणार्थ नव्या घराचं जोतं झाल्यापासून अमुक महिने, आणि त्यावर एक कमाल मर्यादा. खरेदीदार मानेलच असं नाही. या खरेदीदाराने कदाचित मानलं असतं, कारण त्याला घाई ताब्याची नव्हती. पण त्याला काय हवंय हे पहिल्या बैठकीत कुणी विचारलंच नाही. किमतीवर एकमत झालं आणि सगळे उठले.

माझा आणि पतींचा एका मुद्द्यावर अजून मतभेद आहे. ते म्हणतात, भाड्याने न राहता निभावलं हे बरं झालं. मला वाटतं, शेवटचे तीन महिने भाड्याच्या घरात काढले असते तर पोपडे आणि ती वायर दोन्ही टळलं असतं. पत्नी यात बोलत नाहीत. वरचा मजला कधी चढवायचा यावर मात्र त्यांचं मत ठाम आहे: पाया तयार आहे, मी काहीही म्हणो, लेव्हलचा आणखी एक उन्हाळा-पावसाळा वहीत लिहून झाल्याशिवाय त्या ठेकेदाराला बोलावणार नाहीत.